दातातलं जोडवं

"आ कर बघू, राणी."

ऋतुजानं ओठ आणखी आत ओढून घेतले. डॉक्टर उपाध्यांनी हातातला छोटा आरसा तिच्यासमोर नाचवला, मग तो स्वतःच्याच तोंडापाशी नेऊन "हे बघ, मी पण आ करतो," म्हणाले. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तिची नजर खुर्चीशेजारच्या ट्रेवर होती. ट्रेमध्ये कापसाचे बोळे होते, वाकड्या टोकाच्या सळ्या होत्या, आणि एका कोपऱ्यात, अजून वेष्टनातच, एक सिरिंज होती. ती माझ्या आधी तिनं पाहिली होती.

"ती सुई कुणाला?" तिनं दातांवर दात ठेवूनच विचारलं.

"तुला नाही गं. दुसऱ्या पेशंटची आहे ती."

"सगळे डॉक्टर असंच म्हणतात."

 तिचं खरं होतं. त्याच वर्षी ती तापानं आजारी पडली होती आणि इचलकरंजीच्या एका दवाखान्यात सलाईन लावताना तिची शीर सापडेना. "मुंगी चावल्यासारखं वाटेल," असं सांगून त्या लोकांनी दोन्ही हातांवर सुया टोचून पाहिल्या होत्या. तेव्हापासून घरात मी बटण लावायला सुई-दोरा काढला तरी ती खोली सोडून जायची.

ऋतुजा तेव्हा दुसरीत होती. आम्ही हुपरीत राहायचो, अजूनही राहतो. चांदीचं गाव. दर दोन घरांआड पैंजण नाहीतर जोडवी घडतात. माझा नवरा प्रशांत तयार माल घेऊन तामिळनाडूकडं जायचा तो पंधरा-पंधरा दिवस यायचा नाही. घरात मी, ऋतुजा, सासरे आणि आत्ती. आमच्या भागात सासूला आत्ती म्हणतात. त्या दिवशी दवाखान्यात आम्ही तिघीच होतो: खुर्चीत ऋतुजा, तिच्या उशाशी मी, आणि दाराजवळच्या बाकावर अगदी कडेला, केव्हाही उठून पळता येईल अशा बेतानं बसलेल्या आत्ती.

आत्तींना दातांच्या डॉक्टरची भयंकर भीती होती. तरुणपणी कधीतरी आठवड्याच्या बाजारात पक्कड घेऊन बसणाऱ्या एका माणसाकडून त्यांनी दाढ उपटून घेतली होती. ती गोष्ट त्या कधी पुरी सांगायच्या नाहीत. "उपटली बाबा एकदाची," एवढंच म्हणायच्या आणि गालाला हात लावायच्या. डॉक्टर उपाध्यांच्या पाटीखालून जातानासुद्धा त्या पदर तोंडावर घ्यायच्या, जणू ते वरून खिडकीतून पक्कड सोडतील. अशा बाईनं त्या दिवशी आपणहून "मी बी येतो" म्हटलं तेव्हाच मला नवल वाटायला हवं होतं. (कोल्हापूरकडच्या बाया स्वतःला 'मी येतो, मी जातो' म्हणतात. माझं माहेर साताऱ्याचं. लग्न झाल्यावर कितीतरी दिवस मला वाटायचं, या घरात कुणीतरी अदृश्य पुरुष बोलतोय.)

त्या आल्या होत्या, कारण चूक त्यांच्या खात्यावर होती असं त्यांना वाटत होतं.

ऋतुजाच्या खालच्या दाढेवरचा काळा ठिपका पहिल्यांदा मीच पाहिला. मी सगळंच पाहायची. कोण किती जेवलं, कुणाचा आवाज बसला, कोण कुठल्या कुशीवर झोपलं. प्रशांत म्हणायचा, "तू बायको नव्हेस, वॉचमन हायस." तर तो ठिपका मी लगेच आत्तींना दाखवला, आणि त्यांनी पोरीच्या तोंडात डोकावून निकाल दिला, "दुधाची दाढ हाय ती. पडंल. पडली की टाकू कौलावर, सोन्यासारखी नवी येईल." मला पटलं. तिथली कुठली दाढ पडल्याचं आम्हाला आठवत नव्हतं, म्हणजे होती ती दुधाचीच असणार. असं करता करता दिवाळी झाली. मग एके दिवशी चिवड्यातला शेंगदाणा त्या दाढेत अडकला आणि पोर कळवळली.

आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी नुसतं बघायचं म्हणून तोंड उघडायला लावलं तेव्हा तिनं निमूट उघडलं होतं. बघून ते आमच्याकडे वळले.

"ही दुधाची नाही. कायमची आहे."

"पर पडलीच कुटं तिथली?" आत्ती दारातून म्हणाल्या.

"तेच तर आहे, आजी. ही दाढ कुणाला पाडून येत नाही. सहा-सात वर्षांचं मूल झालं की सगळ्या दुधाच्या दातांच्या मागं, मोकळ्या जागेत गुपचूप उगवते. म्हणून घरोघरी वाटतं, दुधाचीच आहे, पडेल." मग माझ्याकडे बघून ते म्हणाले, "घाबरू नका. कीड अजून वरवर आहे. सुईबिई काही लागणार नाही. पण उशीर केलात तर शिरेपर्यंत पोचेल. मग सुईही चुकायची नाही, आणि दाढ वाचेल याची हमी मी देणार नाही. ही गेली तर हिच्या जागी दुसरी येत नाही."

आत्तींचा चेहरा पडला. 

आणि आता ऋतुजा तोंड मिटून बसली होती. एक सिरिंज दिसली आणि आमचं सगळं समजावणं पाण्यात गेलं.

डॉक्टरांनी तिला जरा वेळ मोकळं सोडलं आणि मला विचारलं, "भरायचं काय, ठरवलंत का?"

मी ठरवलं होतं. रात्रभर दुसरं काही केलंच नव्हतं. त्यांनी मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. एक चांदी: जुनी, दणकट, चावायच्या दाढेला उत्तम, पण दिसायला काळपट आणि ती पकडून राहावी म्हणून दाढ थोडी जास्त कोरावी लागते. दुसरं पांढरं: दातासारखं दिसतं, कोरायला कमी लागतं, थर देऊन निळ्या दिव्यानं पक्कं करायचं, पण लावताना दाढ ठणठणीत कोरडी पाहिजे, थुंकीचा थेंब जरी गेला तरी सुटून येतं, म्हणजे पोरीनं बराच वेळ हलता कामा नये. तिसरं सिमेंट: झटपट होणारं, दाताला जरा औषधीही, पण चावण्याच्या जागी झिजतं, पुन्हा पुन्हा भरावं लागतं.

"पांढरं," मी म्हटलं. "चांदी नकोच. चांदीत पारा असतो. मी केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलंय, डॉक्टर. प्रयोगशाळेत पारा सांडला तर आमचे सर खोली रिकामी करायला लावायचे."

"सांडलेला पारा वेगळा आणि चांदीत बांधला गेलेला वेगळा," ते शांतपणे म्हणाले. "इतकी वर्षं भरतोय मी. माझ्या स्वतःच्या दाढेत आहे. पण यावर मतं दोन आहेत, हेही तुमच्यापासून लपवत नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी चांदीला हात लावणार नाही. फक्त पांढऱ्यासाठी ही बया तोंड उघडून तेवढा वेळ बसली पाहिजे."

'बया' ऐकताच बया खुर्चीतून सुळकन उतरली आणि चपला न घालता जिन्यावरून खाली पळाली.

मी मागं धावले. खाली एका सराफाचं दुकान होतं. तिथल्या काउंटरच्या आडोशाला ती उकिडवी बसून दोन्ही हातांनी तोंड दाबून होती. मी लाडीगोडी केली, रागावले, चॉकलेटचं आमिष दाखवलं आणि दातांच्या दवाखान्याच्या दारात चॉकलेट कबूल केलं म्हणून स्वतःवरच वैतागले. दुकानदार बिचारा गिऱ्हाईक सोडून तिची समजूत घालायला लागला. शेवटी ती एवढ्यावर तयार झाली: वर येईन, पण बाकावर बसेन. खुर्चीत नाही.

आम्ही वर आलो तर खुर्चीत आत्ती होत्या.

पाठ टेकवून, पदर कमरेला खोचून, पाय सरळ लांब करून त्या पडल्या होत्या. चपला खुर्चीखाली नीट जोडून ठेवल्या होत्या. छातीवर डॉक्टरांनी हिरवं फडकं बांधलं होतं. ट्रेमधली सिरिंज गायब होती.

"आत्ती! हे काय?"

"माझी बी एक दाढ किडलीया," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "आलोयच तर म्हटलं घ्यावी करून. तुजी काय घाई हाय?"

आता माझ्या डोळ्यांसमोर एकेक गोष्ट येऊन बसली. त्या गेले कित्येक दिवस भाकरी दुधात कुस्करून खायच्या. चहा बशीत ओतून पार थंड करून प्यायच्या. फुटाणे हा त्यांचा जीव की प्राण, ते त्यांनी सोडले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "वय झालं की." माझ्यासारख्या वॉचमनला त्यांनी दोन शब्दांत गुंडाळलं होतं.

"आजी, तुला सुई देणार?" ऋतुजा दारातूनच म्हणाली.

"इचार की डॉक्टरास्नी."

"नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज मला जरा कोरडा वाटला. "आजींना सुई नाही."

"खरंच नाही?"

"तू हितंच उभी ऱ्हा," आत्ती म्हणाल्या. "माज्या पायाशी. डोळं फाडून बघ सुई येतीया का. आली तर वरड."

हे मात्र तिला पसंत पडलं. चौकीदारी आमच्या रक्तातच असावी. ती दबकत दबकत खुर्चीच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागं, तिच्या खांद्यांवर हात ठेवून. आमच्या नाकासमोर आत्तींची पावलं होती: भेगाळलेल्या टाचा, आणि दोन्ही पायांच्या बोटांत जाड चांदीची जोडवी. पलीकडं डॉक्टरांची पाठ, त्यांचं कोपर आणि तो मोठा दिवा. आत्तींचा चेहरा आम्हाला दिसत नव्हता.

"भरायचं काय आजी?" डॉक्टरांनी विचारलं, पण विचारलं ते असं, की जणू उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"चांदी."

"आत्ती, पांढरं घ्या की," मी न राहवून बोललेच. "नवीन आहे, दिसत नाही, पारा नाही."

"चांदीच भरा. जल्म चांदीत गेला, आता दाढंत काय दुसरं घालू?"

"पण आत्ती..."

"शर्वरी." त्यांनी फक्त नाव घेतलं. मी मनात म्हटलं, या गावच्या बायकांना चांदीपलीकडे काही दिसायचं नाही.

"त्यांना चांदीच बरी," डॉक्टरही म्हणाले आणि त्यांनी पायानं मशीन दाबलं.

तो आवाज सगळ्यांना माहीत आहे. बारीक, चिरका, कानातून शिरून थेट मणक्यापर्यंत जाणारा. ऋतुजाचे खांदे माझ्या हाताखाली दगडासारखे झाले. आता ही पुन्हा पळणार, म्हणून मी बोटं आवळली.

आणि तेवढ्यात आत्तींची पावलं हलली. एक पाऊल दुसऱ्याकडे झुकलं आणि जोडव्यावर जोडवं आपटलं. टिक्. पुन्हा टिक्. मग ठेका धरला. टिक्-टिक्, टिक्. टिक्-टिक्, टिक्. मशीन चिरकत होतं आणि त्याखाली आत्तींची जोडवी वाजत होती.

ऋतुजानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे मोठ्ठे.

"आजी काय करतेय?"

"काय माहीत गं."

मशीन थांबलं, डॉक्टरांनी आत काहीतरी पाहिलं, पुन्हा सुरू केलं. जोडवीही पुन्हा सुरू झाली. मध्येच मशीनचा आवाज बदलला, जाड आणि खरखरीत झाला, आणि त्याबरोबर ठेका एकदम वाढला. टिकटिकटिकटिक. पायाची दहाही बोटं आखडायची, सुटायची, अंगठे वर व्हायचे, टाचा उडायच्या. लग्नातल्या वाजंत्रीला मध्येच जोर चढतो तसं चाललं होतं.

"आई, आजी नाचतेय! झोपून नाचतेय!" ऋतुजा खदखदून हसली. आजारानंतर इतकी मोठ्यानं हसलेली मी तिला प्रथमच ऐकत होते. तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, जोडव्यांच्या ठेक्यावर. मलाही हसू आवरेना. डॉक्टरांनी वळून पाहिलं नाही. ते कामात होते.

मग मशीन थांबलं ते थांबलंच. डॉक्टरांनी काहीतरी घोटलं, चिमुकल्या दट्ट्यानं दाबून भरलं, दाबलं, कोरलं. "दात मिटा. हळू. पुन्हा." जोडवी शांत झाली होती. आत्ती उठून बसल्या तेव्हा त्यांचा सगळा चेहरा ओला होता, कानापाशीचे केससुद्धा चिकटले होते.

"केवढं पाणी मारत्यात बाई त्वांडावर," त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "न्हाऊ घातलं मला."

"आजी, दुखलं?"

"नाचणाऱ्या माणसाला दुखतं व्हय गं?"

ऋतुजानं जरा विचार केला. ते तिला पटलं. "दाखव," ती म्हणाली. आत्तींनी तोंड उघडलं. डॉक्टरांच्या आरशातून तिनं आत पाहिलं. मागच्या दाढेवर नवी कोरी चांदी लकलकत होती.

"जोडवं!" ती ओरडली. "आजीच्या दातात पण जोडवं बसवलं!" आणि माझ्याकडे वळून, एकदम ठाम, "मला पण. मला पण दातात जोडवं पाहिजे."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी हात वर केले. म्हणजे, आता तुमचं तुम्ही बघा.

"तुला पांढरं भरायचंय ना, बाळा," मी म्हणाले. "मोत्यासारखं."

"मोती नको. जोडवं. जोडवं देणार असाल तर मी आ करते. नाहीतर नाही."

अट सरळ होती. ती आपल्या पायांनी चालत जाऊन खुर्चीत चढली, आजीसारखी पाय लांब करून पडली आणि तोंड मिटून वाट बघू लागली. मी डॉक्टरांना बाजूला घेतलं. "पांढरंच भरा," मी कुजबुजले, "आणि सांगा चांदी आहे म्हणून. तिला काय कळतंय?"

डॉक्टर उत्तर देणार तोच आत्तींनी माझा दंड धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

"खोटं बोलू नगंस," त्या अगदी हळू म्हणाल्या. "सुई न्हाई म्हटलं, ते खरं निघालं म्हणून बसलीया ती. आता आरशात बगंल आणि पांढरं दिसंल. मग पुन्यांदा कोन तिला सांगंल आनि ती ऐकंल? तुला पारा नको असंल तर तसं तिच्या त्वांडावर सांग. नाहीतर भर चांदी. पर खोटं नगं."

मी तिच्या तोंडावर सांगायला गेले. खुर्चीशी वाकले. तिनं माझ्याकडे बघितलं, माझ्या चेहऱ्यावर कुठं सुई लपलेली आहे का ते शोधत. माझी केमिस्ट्री, सरांची रिकामी केलेली प्रयोगशाळा, रात्रभराचा विचार, सगळं माझ्या जिभेवर होतं. डॉक्टरांच्या स्वतःच्या दाढेत चांदी होती. आत्तींच्या दाढेत ती आत्ता भरली होती. आणि ही पोर आपण होऊन खुर्चीत झोपली होती.

"जोडवंच भरूया," मी म्हणाले.

तिनं आ केला. इतका मोठा, की डॉक्टर म्हणाले, "पुरे पुरे, मी आत पडेन." मशीन सुरू झालं तशी तिची छोटी पावलं एकमेकांवर आपटायला लागली. तिच्या पायांत जोडवी नव्हती, म्हणून आत्ती खुर्चीच्या पायथ्याशी उभ्या राहून तोंडानं ताल देत होत्या. "टिक्-टिक्, टिक्. शाब्बास. टिक्-टिक्, टिक्."

त्यानंतर ऋतुजा कुठल्याच डॉक्टरकडे रडली नाही. शाळेतल्या लसी, कोपर मोडलं तेव्हाचं प्लॅस्टर, कॉलेजात असताना झालेलं अपेंडिक्स. स्ट्रेचरवरून आत नेताना तिनं चादरीखालून पावलं एकमेकांवर आपटलेली मी पाहिली. मला वाटायचं, हा तिचा धीटपणा उपजतच, तेवढा त्या एका संध्याकाळी सापडला.

गेल्या महिन्यात तिला हैदराबादला नोकरी लागली. तिथं जायच्या आधी कंपनीच्या तपासणीत एका तरुण डॉक्टरनं सांगितलं, ही जुनी चांदी काढून पांढरं करून घ्या. म्हणून आम्ही दोघी पुन्हा उपाध्यांच्या जिन्यानं वर गेलो. डॉक्टर आता थकले आहेत. दवाखाना मुलीनं चालवायला घेतलाय, ते फक्त जुन्या माणसांना बघतात. त्यांनी ऋतुजाची दाढ उजेडात नीट पाहिली, सळीनं कडा तपासल्या.

"कडेला कुठं फट नाही. आत कीड नाही. चांगली बसलीय, कशाला काढायची?"

"मी काढणारच नव्हते," ऋतुजा म्हणाली. "ते माझं जोडवं आहे."

डॉक्टर हसले. ती स्कूटर काढायला खाली गेली. मी पर्स उचलत होते, तेव्हा ते म्हणाले, "आजी कशा आहेत?"

"ठणठणीत. फुटाणे खातात, त्याच दाढेनं."

"खाणारच." मग ते म्हणाले, "इतकी वर्षं झाली, पण जोडव्यांचा तो आवाज मी विसरलेलो नाही."

"हो ना! काय नाचल्या होत्या!"

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं.

"तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही?"

"काय?"

"तुम्ही पोरीच्या मागं खाली गेलात, तेव्हा त्या बाकावरून उठून सरळ खुर्चीत येऊन बसल्या. म्हणाल्या, माझी दाढ बघा. बघितली, तर कीड शिरेच्या पार जवळ गेलेली. मी म्हटलं, आजी, हिला सुई पाहिजे. त्या म्हणाल्या, पोरगी बगणार हाय, सुई न्हाई. मी म्हटलं, मग आज वरवर सिमेंट लावतो, नीट काम नंतर करू. तर म्हणाल्या, तिला मशीनचा आवाज ऐकू दे, न्हाईतर त्यालाच भिऊन पळंल ती. मी तयार होईना. मी म्हणालो, दुखलं तर हात वर करायचा, मी थांबेन. त्या म्हणाल्या, हात वर केला की पोरीला दिसंल. मी पायाची बोटं हलवतो. हलत्यात तोवर चालवा. थांबली की थांबा."

मी पर्स खाली ठेवली.

"आणि चांदी?" मी विचारलं.

"पांढऱ्याला दर वेळी वारा मारून दाढ कोरडी करावी लागते. बधिर न केलेल्या, उघड्या दाढेवर तो वारा म्हणजे जीवघेणी कळ. मीच त्यांना म्हणालो, तेवढं तुम्हाला झेपायचं नाही. चांदीला वारा लागत नाही. म्हणून चांदी." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मध्ये एकदा मी आपण होऊन थांबलो होतो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांतनं पाणी कानात चाललं होतं. त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, चालू दे. मागं पोरगी टाळ्या वाजवत होती. "

खाली ऋतुजानं हॉर्न वाजवला.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ऋतुजा बॅग भरायला आत गेली. आत्ती पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. पैंजणाच्या साखळीचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून, दुसरं हातात ताणून, त्या घुंगरू ओवत होत्या. नजर आता कमी झालीय, पण बोटांना सवय आहे. जोडवी झिजून तारेसारखी झालीत. बदलू म्हटलं तर ऐकत नाहीत. शेजारी वाटीत फुटाणे होते.

मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले. तशी मी कधी बसत नाही.

"काय गं? दाढ काडायची म्हनला का डॉक्टर?"

"नाही. चांगली आहे म्हणाले."

"मग त्वांड का असं झालंय?"

"आत्ती," मी म्हटलं, "त्या दिवशी खूप दुखलं होतं ना?"

घुंगरू ओवणारा त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मान वळवून आधी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिथून कपाट उघडल्याचा, हँगर सरकवल्याचा आवाज येत होता.

"हळू बोल की," त्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या. "ऐकंल ती."

"काय कुजबुजताय दोघी?" ऋतुजा आतून ओरडली.

आत्तींनी अंगठ्यातून साखळी सोडवली, पाय लांब केले आणि एका पायाचं जोडवं दुसऱ्यावर आपटलं.

टिक्-टिक्, टिक्.

आतून टाळ्या आल्या.